अर्ध्या किलोची खाच

"एवढी कसली हो घाई होती तुम्हाला?" चार नंबरच्या खिडकीतल्या बाईंनी विचारलं, आणि विचारता विचारताच कार्डाला भोक पाडलं.

काटेमास्तरांना प्रश्नच कळला नाही. कार्ड त्यांच्या आईचं होतं. आई काल दुपारी गेली, संध्याकाळी अंत्यविधी झाला. आज सकाळी कचेरी उघडायच्या पाऊण तास आधीपासून ते दारात उभे होते. आईचं रहिवासी कार्ड रुमालात गुंडाळलेलं, डॉक्टरांचा दाखला वरच्या खिशात. रांगेत पहिला नंबर त्यांचाच होता.

"घाई म्हणजे?"

"अहो, नोंदीला एकवीस दिवसांची मुदत असते. लोक पंधरा-पंधरा दिवस फिरकत नाहीत इकडे. तुम्ही आपले दुसऱ्याच दिवशी हजर." बाई कॉम्प्युटरकडे वळल्या आणि वाचता वाचता थांबल्या. "या आजींच्या कार्डाला एक परवाना जोडलेला दिसतोय. सेवेकरी परवाना. परदेशातल्या बाई आहेत. या कोण तुमच्या?"

"बायको."

"दोन वर्षं कधी भरतात त्यांची?"

"अठरा दिवसांनी." हा आकडा मास्तरांना शोधावा लागला नाही. घरातल्या तिघांनाही तो रोज पाठ असायचा. आता दोघांना.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "परवाना रद्द होतो तो नोंदीच्या तारखेपासून. माणूस गेल्याच्या नाही, नोंदीच्या. फॉर्मच्या मागे लिहिलेलं असतं, खाली, बारीक अक्षरात. तुम्ही वीस दिवसांनी आला असतात तरी मुदतीतच बसला असतात. कुणी बोट दाखवलं नसतं. आणि तोवर बाईंची दोन वर्षं भरून कायमचा शिक्का मिळाला असता."

मास्तर खिडकीच्या दगडी कठड्याला धरून उभे राहिले. "मग मी नंतर येतो ना. वीस दिवसांनी येतो. ते कार्ड द्या परत."

"भोक पाडलं हो मी," बाई म्हणाल्या. त्यांनी कार्ड उचलून दाखवलं. कार्डावरच्या फोटोत आई जरा रागावल्यासारखी बघत होती, आणि भोक बरोबर तिच्या खांद्यावर पडलं होतं. "बटणही दाबून झालं. आता माझ्या हातात काही नाही."

बाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर बरं झालं असतं, निदान मनातल्या मनात शिव्या तरी घालता आल्या असत्या. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि त्यासोबत मशीनमधून निघालेला एक गरम कागद. परवानाधारकाने तीस दिवसांच्या आत देश सोडावा. मास्तरांनी कागदाची चौपदरी घडी केली आणि ज्या रुमालातून कार्ड आणलं होतं त्यातच ती गुंडाळली. मागचा माणूस म्हणाला, "आजोबा, झालं असेल तर सरका की."

आता हा माणूस दुसऱ्याच दिवशी तिथे का गेला, हे कुणालाही विचित्र वाटेल. पण काटेमास्तरांना ओळखणाऱ्याला नाही वाटणार. ते वजनकाटे दुरुस्त करायचे. वयाच्या सतराव्या वर्षापासून तेच. आधी इथे, मग परदेशात एका बंदरावर सव्वीस वर्षं, आणि परत आल्यावर पुन्हा इथे, त्याच जुन्या कारखान्यात. काटा बरोबर निघाला की त्याला तार ओवायची, तारेला शिशाची गोळी लावायची आणि पकडीने तिच्यावर शिक्का मारायचा. काटा बाद झाला की तार तोडायची आणि ते तोडलेलं शिसं त्याच दिवशी खात्यात जमा करायचं. कारण मोकळं शिसं हा धोका. कुणाच्या हाती लागलं तर खोट्या काट्याला लावून लोकांना फसवायला मोकळा. ज्या म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली ते शिकले, तो एकच वाक्य घोकून घ्यायचा: "तोडलेलं शिसं घरी न्यायचं नाही." चाळीस वर्षांत मास्तरांनी ते कधी नेलं नाही. आई गेली, तिचं कार्ड बाद झालं, ते रात्रभर घरात पडून आहे, या विचाराने ते भल्या पहाटे उठून बसले होते. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे मेली आई आणि खोड राहिली लेकाची.

दोन-अडीच वर्षांपूर्वी धाकट्या भावाचा फोन आला होता. "दादा, आईला आता अंथरुणातून उठवत नाही. माझं तीन माणसांचं बिऱ्हाड दीड खोलीत. तू येतोस का, का मी तिला कुठे ठेवू?" मास्तरांनी फोन ठेवला. बायको इस्त्रीच्या टेबलाशी उभी होती. ती तिकडचीच, एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी घड्या करण्यात तिचा जन्म गेलेला. मूलबाळ नाही. फोनवरचा एक शब्दही समजला नसताना तिने विचारलं, "कधी निघायचं?"

निघायचं म्हणणं सोपं. परत येणाऱ्या माणसाला इतके दरवाजे असतात हे मास्तरांना ठाऊकच नव्हतं. ते स्वतः इथले, तेव्हा त्यांना कुणी अडवलं नाही. पण बायकोचं काय? लग्नाच्या दाखल्यावर तिकडचा शिक्का हवा, तिकडचे म्हणाले आधी इकडचा आणा. घराचा पुरावा हवा, तर विजेचं बिल वडिलांच्या नावाने. वडिलांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. खिडकीवरचा मुलगा गंभीरपणे म्हणाला, "त्यांना सहीला घेऊन या." सरकारी काम, सहा महिने थांब, अशी म्हण करणारा माणूस फार आशावादी असावा. बायको म्हणून तिला येता येईल, पण तिने तिकडूनच अर्ज करायचा आणि तीन-चार वर्षं रांगेत थांबायचं. आई काय चार वर्षं थांबणार होती?

तेव्हा चार नंबरच्या याच बाईंनी वाट दाखवली होती; रोजच्या गर्दीत त्यांना ते आता आठवत नसावं. आजारी माणसाच्या सेवेसाठी परदेशातून बाई आणता येते, महिन्याभरात परवाना होतो. अशा परवान्यावर सलग दोन वर्षं काढली आणि इथल्या माणसाशी लग्न झालेलं असेल, तर कायमचा शिक्का. मध्ये खंड पडता कामा नये. म्हणजे सून म्हणून तिला या घरात पाय ठेवता येत नव्हता, कामाची बाई म्हणून येत होता. मास्तरांनी हे बायकोला शब्द जुळवत जुळवत सांगितलं. ती म्हणाली, "काम तर तेच करायचंय ना? मग नाव काही का असेना." अशी ती आली. दोन बॅगा घेऊन आणि तिकडची नोकरी, खोली, सगळं सोडून. मास्तरांचं तिकडचं कार्ड वर्षभर बाहेर राहिल्यामुळे आपोआप रद्द झालं. तेव्हा त्यांनी खांदे उडवले होते. परत कुणाला जायचंय?

आईने तिचं नाव ठेवलं पाहुणी. पहिल्याच दिवशी. "ये गं पाहुणे, बस. चहा मात्र तुलाच करावा लागेल." ते नाव चिकटलं ते चिकटलंच. पाहुणीला भाषा शिकवायला आईशिवाय घरात दिवसभर दुसरं होतंच कोण? त्यामुळे ती छप्पन्न वर्षांची परदेशी बाई एखाद्या ऐंशी वर्षांच्या आजीसारखी बोलायला लागली. दूध उतू गेलं की "कपाळ माझं!", शाळा सुटल्यावर इकडे येणारी धाकट्याची मुलगी उशिरा आली की "मेले, घर आहे की धर्मशाळा?" धाकटा पोट धरधरून हसायचा. "वहिनी, तुम्ही आमच्या आईचीच कॉपी काढलीत की." पाहुणी आईला उचलायची, कुशीवर वळवायची, अंघोळ घालायची, पाठीला पावडर लावायची. चादर तर अशी ताणून घालायची की एक सुरकुती दिसायची नाही. दोन वर्षांत आईच्या पाठीला एक जखम झाली नाही. डॉक्टर म्हणायचे, इस्पितळातसुद्धा असं जमत नाही.

भिंतीवर कॅलेंडर होतं. रोज संध्याकाळी पाहुणी त्या दिवसाच्या चौकोनावर फुली मारायची. ही आईचीच आज्ञा. परवान्याची गोष्ट आईला कुणी नीट समजावून सांगितली नव्हती, पण म्हातारी कानाने तिखट. एक दिवस तिने मास्तरांना जवळ बोलावलं. "थोरल्या, खरं सांग. मी मध्येच गेले तर हिला हाकलतील?"

"कुणी सांगितलं तुला?"

"ते सोड. हाकलतील का नाही?"

मास्तरांना खोटं बोलता येत नसे. ते गप्प बसले, तेवढं तिला पुरलं.

"किती राहिले?"

"दोनशे अकरा."

"बरं," आई म्हणाली, जणू बाजारातून काय आणायचं ते ऐकून घेतलं. "बघू."

त्या दिवसापासून म्हातारी जगायच्या कामाला लागली. दुसरा शब्द नाही. भूक मेलेली होती, पण ती तोंड उघडायची. पाहुणी चमचा पुढे धरायची आणि आईनेच शिकवलेल्या चालीवर म्हणायची, "हा घास चार नंबरच्या बाईंचा. हा घास मोठ्या साहेबांचा. आणि हा शिक्क्याचा." शिक्क्याचा घास आई डोळे मिटून गिळायची. कधी कधी अर्ध्या तासाने सगळं बाहेर यायचं. मग म्हणायची, "पाहुणे, साहेब उलटले बघ. पुन्हा आण." दोघी हसायच्या. मास्तर बाहेरच्या खोलीत बसून ते हसणं ऐकायचे आणि त्यांना ते सहन व्हायचं नाही. आपली आई आपल्या बायकोसाठी मरण पुढे ढकलतेय, हे कुठल्या लेकाला बघवेल? आणि त्याहून वाईट म्हणजे, ती ढकलतेय याचं त्यांना बरं वाटत होतं.

दर तीन महिन्यांनी कचेरीत डॉक्टरांचा तक्ता द्यावा लागे. त्यात दर आठवड्याचं वजन भरायचं. आईला उभं राहता येत नव्हतं, म्हणून मास्तर दर रविवारी कारखान्यातून एक लहान प्लॅटफॉर्म काटा घरी आणत. सोबत पितळी वजनांची लाकडी पेटी, प्रत्येक वजनाला मखमलीची आपापली खाच. आधी ती वजनं ठेवून काटा तपासायचा, मगच आईला खुर्चीसकट वर ठेवायचं. घरातल्या घरात एवढं कशाला, असं धाकटा म्हणायचा. मास्तर म्हणायचे, काट्याला घर कळत नाही.

आई उतरत चालली होती. अडतीस किलो चारशे. सदतीस सहाशे. सदतीस. दर रविवारी पाहुणी काट्याचा आकडा बघायची, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायची, म्हणजे रडलेलं ऐकू येऊ नये. मग एका रविवारी काट्याने दाखवलं सदतीस किलो शंभर.

"वाढलं!" आई म्हणाली. शालीत हात लपेटून ती खुर्चीत ताठ बसली होती. "बघ गं पाहुणे, वाढलं की नाही? शिक्क्याचे घास अंगी लागले."

पाहुणीने तिच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. मास्तरांनी तक्त्यात आकडा लिहिला. सोमवारी कारखान्यात त्यांनी पेटी उघडली, तर अर्ध्या किलोची खाच रिकामी होती. त्यांनी खाचेतून बोट फिरवून पाहिलं. मग मनातल्या मनात वजाबाकी केली. छत्तीस किलो सहाशे.

तक्त्यातला आकडा त्यांनी बदलला नाही. चाळीस वर्षांत त्यांनी ठेवलेली ती पहिली खोटी नोंद. आईकडे वजन परत मागितलं नाही, पाहुणीला सांगितलं नाही. पुढचे तीन रविवार आई त्या अर्ध्या किलोसकटच काट्यावर बसली, आकडा फारसा उतरला नाही, आणि मास्तर मान खाली घालून लिहीत राहिले.

त्यानंतरच्या मंगळवारी दुपारी पाहुणी सूप घेऊन आली. आईने एक चमचा घेतला. दुसऱ्याला मान हलवली. "किती राहिले?"

"एकोणीस, आई. आजचा धरून एकोणीस."

"फार नाहीत," आई म्हणाली. "पण मला आता जमत नाही गं. रागावू नकोस हं."

पाहुणीने वाटी खाली ठेवली आणि तिचा हात हातात घेतला. मास्तर पायाशी उभे होते. सगळं दहा मिनिटांत संपलं. हातातोंडाशी आलेला घास म्हणजे काय, ते त्या खोलीत कुणाला वेगळं सांगायची गरज नव्हती.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर कचेरीत जाऊन कार्डाला भोक पाडून आले.

घरी परतले तेव्हा पाहुणी आईची गादी उन्हात टाकून खोली पुसत होती. तिचे डोळे सुजले होते. तिने विचारलं, "कुठे गेला होतास न सांगता? मी उठले तर घरात कुणीच नाही."

मास्तरांनी रुमाल उघडला. कागद काढून तिच्यापुढे धरला. तिला इथलं वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनीच वाचला. मग चार नंबरच्या बाई जे बोलल्या ते सगळं सांगितलं. बारीक अक्षरं, एकवीस दिवस, नोंदीची तारीख. एक अक्षर गाळलं नाही. गाळायची सवयच नव्हती.

पाहुणी ओल्या फडक्यासकट खाली बसली. मास्तरांना वाटलं आता ही ओरडेल. ओरडली असती तर त्यांनी ते ऐकून घेतलं असतं, त्याचीच वाट बघत होते ते.

"तू मला विचारलं का नाहीस?" ती हळू म्हणाली.

"तुला कुठे माहीत होता नियम? मलाच नव्हता."

"नियम नाही रे. जाऊ का, एवढंच विचारायचं. मी म्हटलं असतं, आज नको. आज घरी बस माझ्याजवळ."

आयुष्यभर मास्तरांनी तोलून मापून सगळं केलं, आणि एवढी साधी गोष्ट त्यांना सुचली नाही. आई गेल्याच्या दुसऱ्या दिवशी माणसाने घरी बसावं, बायकोजवळ बसावं. नुसते बसून राहिले असते तरी तिचं जाणं टळलं असतं. ते भिंतीला टेकून खाली बसले आणि त्यांना हुंदका फुटला. पाहुणी उठली नाही. थोड्या वेळाने तिने फडकं बादलीत टाकलं आणि राहिलेली खोली पुसून काढली.

संध्याकाळी धाकटा आला तो चिडूनच. "दादा, अति शहाणा त्याचा बैल रिकामा! मी काल म्हणालो होतो ना, कागदपत्रांचं मी बघतो सावकाश? तुझं ते खरेपण घेऊन गेलास तिथे. कुणाला दाखवायचं होतं?" मग वहिनीचा चेहरा बघून तो तिच्याजवळ खाली बसला. दुसऱ्या दिवशी तोच दादाला घेऊन मोठ्या साहेबांकडे गेला. दोन तास बाकावर बसल्यावर साहेब भेटले. त्यांनी शांतपणे ऐकलं, हळहळही दाखवली. म्हणाले, "फेरविचाराचा अर्ज करता येतो. निकालाला वर्ष-दीड वर्ष लागतं. फक्त एक आहे, अर्ज करताना अर्जदार देशाबाहेर पाहिजे."

"आणि बायको म्हणून अर्ज केला तर?"

"तोही बाहेरूनच. हल्ली चार वर्षांची रांग आहे."

"मग मी तिच्याबरोबर जातो."

"ते तिकडच्यांना विचारा," साहेब म्हणाले. मास्तरांनी विचारलंही. तिकडच्यांनी आठ दिवसांनी उत्तर धाडलं, की तुमचं कार्ड रद्द झालेलं आहे, नव्याने यायचं तर तिथे राहणाऱ्या नातेवाइकाला स्वतःचं घर आणि नोकरी असली पाहिजे. पाहुणीने दोन्ही सोडून दिली होती, सासूची सेवा करायला. मास्तरांनी ते पत्र तिला वाचायला दिलं. हे तिला वाचता येत होतं.

तरी रोज संध्याकाळी ती कॅलेंडरवर फुली मारत होती. मास्तर एकदा म्हणाले, "आता हे दिवस धरत नाहीत गं."

"ते नाही धरत. आई धरते," ती म्हणाली, आणि फुली मारली.

अठराव्या दिवशी शेवटचा चौकोन भरला. ती याच घरात, याच खोलीत होती. सलग दोन वर्षं, एका दिवसाचाही खंड नाही. कचेरीत मात्र ती अठरा दिवसांपूर्वीच संपली होती. तिने चांगले कपडे घातले, तिघांचा चहा केला, मग तिसऱ्या कपाकडे बघून म्हणाली, "कपाळ माझं," आणि तो कप धाकट्याच्या मुलीला दिला. कॅलेंडर खिळ्यावरून उतरवून गुंडाळून ठेवलं.

निघायच्या दिवशी विमानतळावर धाकट्याचं सगळं कुटुंब आलं होतं. धाकट्याची मुलगी पाहुणीच्या, म्हणजे आपल्या मोठ्या काकूच्या, कमरेला मिठी मारून सोडेना. "मेले, मी काय मरायला चाललेय?" पाहुणी म्हणाली. बॅग काट्यावर ठेवली. काउंटरवरच्या मुलीने आकडा बघितला. "तेवीस किलो पाचशे. अर्धा किलो जास्त होतंय. काढावं लागेल काहीतरी."

"अहो, अर्ध्या किलोने काय होतं?" धाकटा म्हणाला. "काटा तरी बरोबर आहे का तुमचा?"

"हे बघा, शिक्का आहे," मुलगी म्हणाली आणि बोटाने दाखवलं. काट्याच्या बाजूला तार होती आणि तारेला शिशाची गोळी. तिच्यावरचा आकडा मास्तरांना वाकून वाचावा लागला नाही. मागच्याच वर्षी त्यांनी स्वतः बसून हा काटा लावला होता.

धाकटा त्यांच्याकडे बघत होता, पाहुणीही. एका शब्दाने काम झालं असतं. शून्य सरकलंय म्हणाले असते, तर त्यांचं ओळखपत्र बघून मुलीने ऐकलंही असतं.

"काटा बरोबर आहे," मास्तर म्हणाले.

धाकट्याने कपाळावर हात मारून घेतला. पाहुणी मात्र हसली. त्या महिन्याभरात पहिल्यांदा. "बरोबरच असणार," ती म्हणाली. तिने तिथेच फरशीवर बसून बॅग उघडली आणि सगळ्यात वरचा स्वेटर काढला. आईचा, तपकिरी, कोपरावर ठिगळ असलेला. स्वेटरचा एक खिसा जड होऊन खाली लोंबत होता. तिने त्यात हात घातला आणि आतली वस्तू फक्त मास्तरांना दिसेल अशी जरा वर धरली. पितळेचं अर्ध्या किलोचं वजन. हात लागून लागून चकचकीत झालेलं.

"गादीखाली होतं," ती म्हणाली. "तुझं आहे. परत घेतोस?"

"तुला कधी कळलं?"

"दुसऱ्याच रविवारी. मीच तर उचलायचे ना तिला."

म्हणजे आई फसवत होती, मास्तर फसल्याचं सोंग करत होते, आणि ही दोघांना ते करू देत होती. तिघंही एकमेकांना सांभाळत. त्यांनी तिच्या हाताची मूठ पुन्हा त्या वजनावर मिटली. "राहू दे तुझ्याजवळ."

बॅग पुन्हा काट्यावर गेली. स्वेटर आणि वजन मिळून जेवढं निघालं त्याने आकडा तेवीसच्या खालीच उतरला. पाहुणीने आपल्या सदऱ्यावरून आईचा स्वेटर चढवला. बाहेर ऊन रणरणत होतं. बाह्या तिला मनगटापर्यंत पुरत नव्हत्या. "माणसाला कुठे तोलतात?" ती म्हणाली. मग तिने मास्तरांचा शर्ट खांद्यावर नीट केला, सगळ्यांना एकदा बघितलं आणि आत गेली. काचेपलीकडे ती कागद दाखवताना दिसली. अधिकाऱ्याने पानं उलटली, एक शिक्का मारला. शेवटी मिळाला तिला शिक्का, पण तो जाण्याचा. वळून ती हात हलवत होती तेव्हा खिसा लोंबत होता, आणि दुसऱ्या हाताने तिने तो धरून ठेवला होता.

पाहुणीने तिकडून धाडलेला फेरविचाराचा अर्ज पडून आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मास्तर चार नंबरच्या खिडकीशी जातात, बाई मान हलवतात, ते घरी येतात. कारखान्यात एकदा मालकाचं लक्ष पेटीकडे गेलं. म्हणाला, "मास्तर, अर्ध्या किलोचं वजन हरवलंय का? नवीन मागवून घेऊ." मास्तर म्हणाले, नको, हरवलेलं नाही. काटा तपासताना अर्ध्या किलोची वेळ आली की ते दोनशे, दोनशे आणि शंभर अशी तीन वजनं एकावर एक ठेवतात. काटा बरोबर पाचशे दाखवतो. मग ते तिन्ही वजनं आपापल्या खाचेत परत ठेवतात, रिकाम्या खाचेवरून एकदा फडकं फिरवतात आणि पेटी बंद करतात.